यशोदाकाकीचं दिल्लीचं अपील

पेडण्याच्या आमच्या वकिली ऑफिसात चार माणसं चहाला जमली, की कुणीतरी म्हणतंच, "तो काकीचा किस्सा सांगा हो!" मग एकावरून दुसरा निघतो. मी आमच्या मोठ्या वकिलांची, भाईंची ज्युनिअर, त्यामुळे बरेचसे डोळ्यांदेखत घडलेले.

यशोदाकाकी लाटंबार्शाची, मुंडकार. म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या जागेत घर बांधून राहणारी. भाटकाराला ते घर हवं होतं. काकी हायकोर्टात जिंकली, तसं भाटकारानं सुप्रीम कोर्टात अपील केलं.

*

पहिल्या तारखेला भाई रेल्वेनं दिल्लीला गेले. समोरच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली, भाई परत आले. काकी दारातच बसलेली.

"काय म्हणाले जज?"

"पुढच्या महिन्यात या म्हणाले."

"एवढाच? मगे फोनार सांगूक काय झाला होता त्यांका?"

आम्ही पोट धरून हसलो. पुढे काही वर्षांनी कोर्टानं खरंच व्हिडिओवर सुनावणी सुरू केली!

*

पहिली व्हिडिओ सुनावणी. भाई काळा कोट, पांढरे बँड घालून लॅपटॉपसमोर. ते बोलायला लागले आणि खिडकीखाली पाव विकणारा पोदेर आला, सायकलचा भोंगा वाजवत. पों पों!

न्यायमूर्तींनी मान वर केली. "कसला आवाज हा?"

भाई गडबडले. "पाव, माय लॉर्ड!"

*

त्या दिवशी काकी मागच्या बाकावर, ठेवणीतलं लुगडं नेसून. न्यायमूर्ती स्क्रीनवर आले तसे तिनं हात जोडले.

मी हळूच म्हटलं, "काकी, त्यांना तू दिसत नाहीस."

"नसान. माका ते दिसतत मगे!"

मी तेव्हा हसले. पण इतकी वर्षं जिच्या घराचा निकाल व्हायचा होता, तिला निकाल देणारे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. ज्यानं कुणी ही सोय केली, त्याचं भलं होवो.

*

मग कोर्टानं सांगितलं, मुद्दे तीन पानांत लिहून द्या आणि पंधरा मिनिटांत बोलणं संपवा. भाई हादरलेच. "पंधरा मिनिटांत माझा नुसता घसा साफ होतो!"

आठवडाभर मोबाईलवर टायमर लावून प्रॅक्टिस. शेवटी एकदाचे चौदा मिनिटांत बसले. काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरा झाला. मगे आदी दोन-दोन तास काय सांगी होतात?"

*

शेवटच्या सुनावणीला समोरच्या वकिलांच्या धारगळच्या घरी नेटवर्क गेलं. ते मोटारसायकलवरून थेट आमच्या ऑफिसात! भाईंनी स्वतःची खुर्ची दिली. एकच लॅपटॉप, आळीपाळीनं दोघांचा युक्तिवाद.

न्यायमूर्तींनी विचारलं, "तुम्ही दोघं एकाच खोलीत? मग मिटवून का नाही टाकत?"

भाई म्हणाले, "चहा वाटून घेऊ, माय लॉर्ड. घर मात्र काकीचंच!"

*

निकाल आला, आणि काही दिवसांनी त्याचा मराठी अनुवादही. जिंकल्याचं आम्ही सांगितलं होतं, तरी चौथी शिकलेल्या काकीला ते स्वतः वाचायचं होतं. बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेली. 'अपील फेटाळण्यात येत आहे' इथं आली आणि पांढरी पडली. "फेटाळला? म्हणजे आमी हरलो?"

"त्यांचं अपील, काकी! त्यांचं!"

काकी टेबलावर डोकं ठेवून रडली. भाई खिडकीतून बाहेर बघत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल, भाटकाराकडे जावया."

"कशाला गं?"

"त्यांका आता दिसना नाय. घरची पोरां भायर. कोण वाचून दाखयतला त्यांका?"

भाटकार घरापुढच्या बाल्कांवात, उंच ओसरीवर बसले होते. लग्न होऊन आल्यापासून काकी त्या पायऱ्या कधी चढली नव्हती. मुंडकारांच्या रीतीप्रमाणे आजही खालीच उभी राहिली आणि वाचू लागली. भाटकार मान खाली घालून ऐकत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"यशोदा, उबी रवान किती वाचतलंस गो? वयर ये. बस."

काकीनं वहाणा काढल्या, वर गेली, खुर्चीत बसली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.