निळ्या चिठ्ठीखालचे आकडे

तुमच्यावर विश्वास ठेवून कुणी सांगितलेलं तुम्ही कधी स्वतःच्या हातानं जाळलं आहे का? मी जाळलं आहे. परभणीत, गुरुजींच्या घरामागच्या बंबात, भर दिवसा, आणि आपण शहाणपणाचं काम करतो आहोत अशा खात्रीनं.

नामांतराच्या लढ्याची अखेरची वर्षं होती. मी जेमतेम एकवीस वर्षांची. पत्रकं वाचत मोठी झाले होते आणि आता पत्रकं लिहीत होते. विद्यापीठाचं नाव बदला एवढं म्हणणाऱ्या माणसांना गावोगाव काय सोसावं लागलं, ते त्यांच्याच शब्दांत छापायचं आम्ही ठरवलं होतं. झरी, ताडकळस, बोरी, जिथं एसटी जाते तिथं आणि जिथं जात नाही तिथंही मी वही घेऊन गेले.

बोरीजवळच्या एका वस्तीवर एक मावशी राहायच्या. शेतमजुरी करायच्या. मुलानं नामांतराची पाटी लावली म्हणून गावानं त्यांचं काम तोडलं, गिरणीवाल्यानं दळण घेणं बंद केलं. मग त्या डोक्यावर पायली घेऊन दुसऱ्या गावाला दळायला जाऊ लागल्या. एके दिवशी परतताना चौघांनी वाट अडवली, पीठ मातीत ओतलं. त्यानंतर जे झालं ते त्यांनी मला चुलीपुढं बसून सांगितलं. माझ्याकडं एकदाही न बघता.

"लिहून घे पोरी. एकदाच सांगते. पुन्यांदा इचारायला येऊ नको, माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी शब्द दिला.

आमची एक रीत होती. जबाब संगणकावर टाईप झाला की हातानं लिहिलेला कागद जाळायचा, कारण कागदावर नावं असत. टाईप करताना नावं गाळायची. फ्लॉपीवर नक्कल ठेवायची नाही, फ्लॉपी कुणाच्याही पिशवीत सापडू शकते. ही शिस्त मीच लावली होती. गुरुजी, म्हणजे ज्यांच्या पुढच्या खोलीत तो संगणक होता ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, एकदा हळूच म्हणाले होते, "एखादी नक्कल असावी का?" मी त्यांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं. ते बिचारे चहा करायला उठून गेले.

संगणक जुनाच, एका हितचिंतकानं दिलेला. आत दोन हार्ड डिस्क. एकीवर यंत्र चालायचं, दुसरीवर जबाब.

एके दिवशी दुपारी वीज एकदम वाढली, खोलीतला बल्ब लखलखला, आणि संगणकातून जळल्याचा वास आला. पॉवर सप्लाय गेला होता. आमच्याकडं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी डबा खोलला, हुंगला आणि म्हणाले, "मेला हा. दुसरा आणावा लागंल, नांदेडहून." तो नांदेडच्या दुकानातही नव्हता. बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी पुस्तिकेची प्रस्तावना तीनदा लिहिली. भीती अशी मनाला शिवलीच नाही. डिस्क तर ठणठणीत आहे ना!

नवा सप्लाय बसला. पंखा फिरला. पडद्यावर मेमरीचे आकडे पळाले. आणि मग एक ओळ उमटली, हार्ड डिस्क सापडत नाही.

मिस्त्रींनी प्लग काढून पुन्हा बसवले, दुसरे लावून पाहिले. डिस्क जोडणारी रिबनची पट्टी तपासली, तिची लाल कड बरोबर बाजूला होती. मग डिस्कला कान लावला.

"फिरायलीय ताई. दोनीबी फिरायल्यात."

"मग दिसत का नाहीत?"

"ते आता त्यांनाच इचारा," ते म्हणाले आणि माझा चेहरा पाहून लगेच सावरले. "घाबरू नका. डिस्क काय पळून जायलीय का कुठं?"

गुरुजींनी विचारलं, "मावशींचा जबाब?"

मी बंबाच्या दिशेनं बघितलं. हातानं लिहिलेला कागद तिथंच जाळला होता. पुन्हा वस्तीवर जायचं, चुलीपुढं बसायचं आणि म्हणायचं, मावशी, पुन्हा सांगा? हे मला जमणार नव्हतं, आणि त्यांच्याकडून होणार नव्हतं. त्यांच्यावर जे गुदरलं ते जगात फक्त त्या लोखंडी डबीत होतं, आणि डबी आहे हेच यंत्र मान्य करत नव्हतं.

आम्ही तिघं एसटीडी बूथवर गेलो. मिस्त्रींनी नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, तो मिस्त्रींनी मला विचारला, "पडद्यावर तारीख कोणती दाखवायलाय?"

मला आठवली. १९८० सालची. तेव्हा वाटलं होतं, बिघडलंय सगळंच.

दुकानदार म्हणाला, बोर्डावरची छोटी बॅटरी उतरली आहे. यंत्र रोज चालू असलं की ती भरत राहते. बारा दिवस बंद राहिल्यावर जुनी बॅटरी संपली, आणि कोणती डिस्क लावली आहे हे यंत्र विसरलं. जबाब कुठंही गेलेले नाहीत. प्रत्येक डिस्कच्या लेबलावर तीन आकडे छापलेले असतात, ते यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटअपमध्ये भरा.

"लय सोपं हाय," मिस्त्री फोन ठेवत म्हणाले. लेबलांवर काय चिकटलेलं आहे ते मला आठवलं. गुरुजींनाही आठवलं असावं.

मागच्या खंडेनवमीला परभणीत सगळ्यांनी मोटारींना, मशीनना हळदकुंकू लावलं होतं. आमच्या यंत्राला कुंकू लागणार नाही, असं मी जाहीर केलं होतं. त्याऐवजी डबा उघडून दोन्ही डिस्कच्या कपाळावर मी निळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'नामांतर झालेच पाहिजे'. बरोबर लेबलावर. भिंतींवर पत्रकं लावायची तीच मैद्याची खळ, किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घातलेली. पावसाळाभर न सुटणारी खळ करते म्हणून माझी ख्याती होती.

डिस्क बाहेर काढल्या. मिस्त्रींनी ओलसर फडकं दिलं. "पाणी गळू देऊ नका. आन् खरडू नका." एक चिठ्ठी अर्ध्या तासात सुटली, खालचे आकडे शाबूत. दुसरी, जबाबांच्या डिस्कवरची, एका कोपऱ्यात लेबलाचा पापुद्रा घेऊनच निघाली. पहिले दोन आकडे होते. तिसऱ्यातला फक्त पहिला अंक, १, उरला होता आणि त्यापुढं पांढरा कागद.

"दहा ते एकोणीसपैकी काहीतरी," गुरुजी म्हणाले. "करून बघू."

"बघायचं फक्त," मिस्त्री म्हणाले. "आकडा चुकला तर त्याच्यावर काही लिहायचं न्हाई. एक अक्षर न्हाई."

दहा भरले. यंत्र बंद, चालू, मेमरीचे आकडे. काही नाही. अकरा. बारा. तेराला पडद्यावर विचित्र चिन्हांची रांग आली आणि मला वाटलं, संपलं. मी खुर्ची सोडली आणि गुरुजी आकडे भरू लागले. चौदा, पंधरा, सोळा. प्रत्येक वेळी मी तेच ठरवत होते, की नाही सापडलं तर वस्तीवर जाऊन मावशींना खरं सांगायचं. पण विचारायचं नाही.

सतराला फाइलींची यादी आली.

मी मावशींचा जबाब उघडला. 'डोक्यावर पायली होती,' ही पहिली ओळ वाचली आणि पुढचं वाचवेना. मिस्त्रींनी डब्याचं झाकण लावलं नाही. म्हणाले, "आधी आकडे कुठंतरी लिहून ठिवा."

मी वहीत ते सहाही आकडे लिहिले. मग मावशींचा जबाब, नावं वगळून, पुन्हा हातानं उतरवायला बसले. दुसऱ्या दिवशीच्या बसनं ती प्रत ताडकळसला माझ्या मैत्रिणीच्या आईकडं पोचवली. त्यांनी ती ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली आणि काय आहे ते विचारलंही नाही.

माझी तत्त्वं आजही तीच आहेत. पण मी जी शिस्त म्हणत होते तिच्यात थोडा तोरा होता, आणि त्याची किंमत मावशींना द्यावी लागली असती. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. कुणी एकदाच सांगून मोकळं झालेलं काही तुमच्याजवळ असेल, वहीत, कॅसेटवर किंवा यंत्रात, तर हे वाचून झाल्यावर उठा, त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या गावात, तुम्हाला प्रश्न न विचारणाऱ्या माणसाकडं ठेवून या.