न वाकता केलेला नमस्कार

आई पडली नाही की घसरली नाही. विहिरीवरून आणलेली भरली कळशी खाली ठेवायला वाकली आणि पाठीतला मणका चेपला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत. कळ ओसरली की हिला चालवा, खाटेवर ठेवलीत तर हाडं आणखी झिजतील. पण कमरेत वाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. स्टुलावर पाठ ताठ ठेवून सावकाश बसायचं, तसंच उठायचं, हा व्यायाम रोज. पुन्हा मणका गेला तर ही उठेलच असं मी सांगत नाही, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

नवरा मुंबईला नोकरीत होता, म्हणून मी माहेरी राहू शकले. केरसुणी, कळशी, शेणाची पाटी सगळं मी लपवलं. आई माझ्यावर करवादायची. हातात काम नसताना खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येरझाऱ्या घालणारी बाई लोकांना वेडी वाटते, असं तिचं म्हणणं. मग तिनंच तोड काढली, तुळशीला प्रदक्षिणा घालायची. मी खूश झाले, आणि पहिल्याच फेरीनंतर धावत जाऊन तिला धरलं. फेरी संपली की ती तुळशीच्या पायाशी डोकं टेकायला वाकत होती. त्या दिवसापासून मी पोलिसासारखी तिच्या मागे फिरू लागले. स्टुलावरची उठबस मात्र ती मुकाट्यानं करी, तोंड वाकडं करून.

अशात गावदेवाची पालखी वाडीत आली. आमच्या खळ्यात टेकली तेव्हा सगळी वाडी जमली होती. एकेक बाई ओटी भरून जमिनीवर डोकं टेकत होती. आईची पाळी आली तशी मी तिचा दंड घट्ट धरला. शेजारीण कुजबुजली की म्हातारीला देवासमोरही ताठा सुटत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आईचं लक्ष पालखीकडे होतं.

"सोड गो माका," ती म्हणाली.

मी सोडलं नाही. सगळ्यांदेखत आईशी झटापट करायची वेळ आली होती आणि मी ती करणार होते.

"सोड. डॉक्टरान सांगलेला माका सगळा आठवता."

तेव्हा माझा हात सुटला. आईनं पदर सावरला, मागे हात करून पडवीच्या कडेचं व्यायामाचं स्टूल चाचपलं आणि पाठ भिंतीसारखी सरळ ठेवून सावकाश त्यावर टेकली. देवाकडे पाहत हात जोडले. गुडघे कुरकुरले, ओठ दातांखाली गेले.

मग ती तशीच सरळ उठली. आधाराला मी हात पुढे केला होता, तो तिनं धरला नाही.