देवऋषीकडून आलेली अंडी

मी चौथी शिकलेली. अक्षर वाकडं, चुकाही असतील. कुणी वाचलंच तर माफ करा.

आज शेजारी मिरच्यांची धुरी दिली आणि देवऋषीचं अंगण आठवलं. बाळंतपणानंतर मला झोप नव्हती, बाळाला घ्यायची भीती वाटायची. धरणात बुडालेली बाई लागलीय, असं सांगून त्यानं उताऱ्याच्या कोंबड्याचे पैसे घेतले. पुढे भोरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे म्हणून सांगितलं. औषधानं मी बाळाला कुशीत घेतलं, तशा सासूबाई मला घेऊन देवऋषीच्या दारात उभ्या.

"दुखणं येगळंच निघालं. पैसं द्या माघारी."

"आक्का, कोंबडा खाल्ला की."

"मंग गुण तुमालाच आला. तुमची कोंबडी अंडी देती न्हवं? त्यातच फेडा."

मी पदरात हसले, कितीतरी दिवसांनी. मग रोज त्याच्याकडून एक अंडं माझ्या ताटात येऊ लागलं. बाळ रांगायला लागलं तेव्हा पैसे पुरते फिटले.