आग्नेलसरांनी लिहिलेला शनिवार

तारकर्लीत पहिल्यांदा आलेल्या माणसाला आग्नेलसर तीन प्रश्न विचारत. पोहता येतं का? बरोबर म्हातारं माणूस आहे का? सकाळी किती वाजता उठता? उत्तरं ऐकली की ते वहीचा कागद फाडत आणि दोन दिवसांत काय पाहायचं, किती वाजता पाहायचं, ते लिहून देत.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. खोल्या साध्याच. पंखा कुरकुरायचा. लोक परत यायचे ते कागदासाठी. किल्ल्यावर पहिल्या होडीने जा, उन्हं चढली की तटावर पाय भाजतात. वालावलला दुपार कलल्यावर जा, आधी तळ्याच्या पायरीवर बसा, मग लक्ष्मीनारायणाच्या देवळात. मासळीचा लिलाव जरूर बघा, पण मध्ये उभे राहू नका, शिव्या खाल. असं सांगणारा माणूस आसपास दुसरा नव्हता.

आणि समुद्राजवळची प्रत्येक वेळ पाण्यावर बेतलेली असायची. सर तिथी बोटांवर मोजत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब इथल्या मासेमारीच्या घरांत पोरं पाढ्यांआधी शिकतात. पाहुण्यांना मात्र सर तिथी सांगत नसत. शहरातली माणसं वारावर जगतात, तिथी सांगितली की गोंधळतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून कागदावर वरती नुसता वार असायचा. तारीखसुद्धा नाही.

डिसेंबरात वाशिमहून मिहीरचा फोन आला. तो, बायको शिवांगी आणि वडील काशिनाथ. पोहता कुणालाच येत नव्हतं. काशिनाथकाका एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी मुलाच्या हातातून फोन घेतला.

"सर, मले काठावरून नाही पाहायचा. मले त्याच्या मधात उभं राहायचं आहे."

सरांना ही मागणी फार आवडली. त्यांनी लगेच घोड्याची पाठ ठरवली. मालवणच्या उत्तरेला एका वाडीखाली हा खडक आहे. किनाऱ्यापासून शंभरेक पावलं. ओहोटीला चालत जाता येतं. सरांनी तिथी मोजली आणि लिहिलं :

'शनिवार. सकाळी साडेआठला घोड्याच्या पाठीवर जा. वाटेत पाणी गुडघ्याएवढं असेल. घाबरू नका, ते उतरतं आहे. बारापर्यंत आणखी खाली जाईल, मग आरामात परत या. तोवर खडकावरच्या डबक्यांतले तारामासे बघा. मोबाईल गाडीत ठेवा, खाऱ्या पाण्याने जातो.'

मग काकांना ताप आला. मिहीरने पुन्हा फोन केला. "सर, पुढच्या शनिवारी येतो. बाकी सगळं तेच."

"तेच," सर म्हणाले. कागद टेबलाच्या खणात पडून राहिला.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला त्यांनी तो खणातून काढला आणि मिहीरच्या हातात दिला. काकांनी नवी हाफ पँट घातली होती. त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. बर्थाने, सरांच्या बायकोने, घावने बांधून दिले. गाडी गेली.

साडेनऊला शेजारची सुभद्रा कुंपणापाशी आली. बर्था नाताळच्या नेवऱ्या तळत होती.

"बर्थाबाय, एक नारळ दी गो. सुदेश होडयेकडे वाट बघता. आज अमास मा, होडयेक दिवचो आसा."

"घे तो कोनाड्यातलो," बर्था म्हणाली. "आनी न्हाणयेतलो नळ बघ कसो गळता. चार दिस सांगतंय ह्यांका."

"सगळ्या दर्याचा पाणी सरांका ठावक," सुभद्रा हसली. "घरातल्या नळाचा तेवढा नाय."

सर पडवीत पेपर वाचत होते. तेही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"काय म्हटलंस तू? आज काय?"

"अमास."

सरांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला सुरुवात केली. मध्येच थांबवला. मोजायचं काही उरलंच नव्हतं. कागद अष्टमीचा होता. अष्टमीला सकाळी साडेआठला त्या वाटेवर गुडघाभर पाणी असतं आणि ते उतरत असतं. अमावास्येला साडेआठलाही गुडघाभरच असतं. पण ते चढत असतं. सव्वाअकराला पूर्ण भरती. तीही उधाणाची. उधाणात घोड्याच्या पाठीवरून लाट जाते.

ती तिघं किनाऱ्यावर उभी राहिली असतील. कागद वाचला असेल. समोर पाणी गुडघ्याएवढं. अगदी लिहिल्याप्रमाणे.

सरांनी मिहीरला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मोबाईल गाडीत होता. वाडीतल्या ओळखीच्या दुकानदाराला लावला. तो मालवणच्या बाजारात होता. "काय झाला सर?" तो विचारत होता. सरांनी फोन बंद केला.

ते अनवाणीच धावले. सहासष्टाव्या वर्षी माडांमधून, वाळूतून. सुभद्राचा मुलगा सुदेश पाण्याच्या कडेला होडीला टेकून उभा होता.

"होडी काढ. घोड्याच्या पाठीर जावचा आसा."

"नारळ नाय दिल्लो अजून, सर. माझी आवस घेवन येता..."

"तीन माणसां आसत थंय. पोवूक येणा नाय तेंका."

दोघांनी होडी ढकलली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. पर्यटकांसाठीची लाइफ जॅकेटं पाटाखाली होती. सरांनी ती बाहेर काढली. मोजली. परत मोजली. पाच होती.

वाटेत डावीकडे किल्ला गेला. पहिल्या होडीची माणसं महादरवाजाशी फोटो काढत होती. सरांनी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. पुन्हा पाहिलं तरी तेवढेच. सुदेश ओरडून काहीतरी विचारत होता. सरांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात स्वतःचंच अक्षर होतं. घाबरू नका, ते उतरतं आहे. जितकं पाणी वाढेल तितकी ती माणसं त्या ओळीला धरून बसणार. परत फिरायची वेळ निघून जाईपर्यंत वाट बघणार.

सव्वादहाला खडक दिसला. किनारा आणि खडक यांच्यामध्ये आता हिरवंगार, खोल पाणी होतं. खडकाच्या माथ्यावर तिघं उभी होती. काशिनाथकाका हात हलवत होते. मदतीसाठी नव्हे. आनंदाने.

"सर! तुम्ही बी आले? पाहा, मधात उभा आहे मी!"

"खाली या!" सर ओरडले. "जमिनीच्या बाजूने. ताबडतोब!"

मिहीरने कागद वर धरला. "सर, अजून उतरायचंय ना पाणी! बारापर्यंत म्हणालात तुम्ही."

"तुमच्याच कागदात लिहून आहे," काका म्हणाले. "मग आता कायले भिजायचं?"

पाठीमागून लाट आली. खडकावर फुटली आणि तिघांच्या घोट्यांवरून गेली. शिवांगीने मिहीरचा दंड धरला.

"ते डबकं बघ. मघाशी वेगळं होतं. आता ते समुद्रातच गेलंय. अर्धा तास मी तुला सांगतेय. तू मला कागद दाखवतोस."

"कागद चुकलाय!" सर ओरडले. "ऐकलंत? कागद चुकला. पाणी चढतंय!"

मिहीरचा चेहरा बदलला.

सुदेशने होडी शक्य तितकी आत घेतली. त्याहून जवळ नेली असती तर खडकावर फुटली असती. सरांनी होडीचा दोर कमरेला बांधला, तीन जॅकेटं खांद्यात अडकवली आणि पाण्यात उतरले. पाणी छातीला लागलं. पाय टेकत होते, पण प्रत्येक लाटेला सुटत होते.

खडकाशी पोचल्यावर त्यांनी तिघांना जॅकेटं घातली. शिवांगी आधी आली. डोळे उघडे ठेवून, ओठ घट्ट मिटून. दोर धरून तिने होडी गाठली. मिहीर वडिलांना सोडायला तयार नव्हता. सर त्याच्यावर वर्गात ओरडावं तसे ओरडले. तोही गेला.

काका खडकाला बिलगून बसले होते. जॅकेट अंगात होतं. हात सुटत नव्हते.

"मले नाही जमत, सर. माझे गुडघे गेले."

"गुडघ्यांचं काम नाही. माझ्या गळ्यात हात टाका."

"तुम्ही बी बुडसान."

"लाट गेली की निघायचं. आता... थांबा... आता!"

निम्म्या वाटेवर दुसरी लाट आली. सरांचे पाय सुटले. दोघं पाण्याखाली गेली. होडीवरून फक्त दोर दिसत होता, ताठ झालेला. शिवांगी किंचाळली. सुदेशने पाय कडेला रोवले आणि मिहीरच्या मदतीने दोर ओढला. आधी नारिंगी जॅकेट वर आलं. मग काकांचं तोंड. मग त्यांच्या मानेमागे आग्नेलसरांचा पंजा.

होडी वळली. काकांचे दात वाजत होते. शिवांगीने आपली ओढणी पिळून त्यांच्या डोक्याला बांधली. मागे घोड्याची पाठ होती तिथे आता नुसता फेस उठत होता.

सुदेशने एकदा सरांकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे.

"अमावास्येचं पाणी असंच फसवतं, साहेब," तो शक्य तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाला. "जुने जाणते चुकतात. सरांचा काय दोष नाय त्यात."

मिहीरने मान हलवली. त्याला ते पटलं होतं. त्याला आणखी काही नको होतं. सर नुसते गप्प बसले असते तरी गोष्ट तिथेच मिटली असती.

सर उठून उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं.

"पाणी फसवत नाही," ते म्हणाले. "ते आपल्या वेळेवरच आलं. मी तुम्हाला मागच्या शनिवारचा कागद दिला. आठ दिवसांत पाणी उलटं फिरतं. मला हे माहीत आहे. शाळेत मी हेच शिकवलं. आज मी पाहिलं नाही."

"म्हणजे?" मिहीर म्हणाला.

"म्हणजे तुम्ही सगळं बरोबर केलंत. मी लिहिलं तसंच केलंत. म्हणून तिथे अडकलात."

मिहीरच्या मुठी वळल्या. "माझे वडील गेले असते."

"हो."

सुदेशने इंजिनाकडे तोंड फिरवलं. शिवांगी खाली बघत राहिली. सर तसेच उभे होते. कुणीतरी काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, म्हणून थांबल्यासारखे.

काशिनाथकाकांनी ओढणीआडून त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पाटावर थोडं सरकले.

"बसा, सर," ते कुडकुडत म्हणाले. "तुम्ही उभे राहिले की होडी हलते."