गुलाबी कुकरचा आहेर

गंगेत उभा राहून सांगतो, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. म्हणजे… गंगेत नव्हे, पायरीवर. पाणी फार गार होतं हो! आणि शंभर टक्के म्हणजे, यातली एक गोष्ट माझ्या पदरची आहे. ती शेवटी कबूल करीन. बाकी सगळं देवाशपथ खरं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी काशीत दूधविनायकाला राहायचो. ब्रह्मा घाटावर माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमाचं सासर. तिच्या मुलाची मुंज निघाली. मामाचा आहेर घ्यायला मी माझ्या नऊ वर्षांच्या चित्राला घेऊन बाजारात गेलो.

दुकानदार म्हणाला, "लड़का कि लड़की, भइया?"

"दोनों."

"तो लड़के को वीडियो गेम, बिटिया को किचन सेट. सोचना क्या है, डब्बे पर फोटो छपा है!"

चित्राने तिथेच पाय आपटले. "बाबा, मलापण गेमच!"

"अगं, खोक्यावर बघ. मुलीचं चित्र आहे का कुठे?"

"खोक्यावर डायनासोर आहे. मग तो खेळतो का?"

भाच्याला गेम, हिला किचन सेट, असं म्हणून दोन्ही घेतले. दोन्हींना एकच चमचमता कागद.

मुंजीच्या दिवशी आहेराच्या ढिगातलं माझं पुडकं कुणीतरी सरकवलं आणि आतून आवाज आला, खुळखुळ! व्हिडिओ गेम खुळखुळतो का हो? म्हणजे पुडकी चुकून बदलली! सुमाचे सासरे म्हणजे घनपाठी गुरुजी. त्यांनी नुसता घसा खाकरला तरी गल्लीतला सांड बाजूला व्हायचा. माहेरच्या आहेरात हसं झालं, तर सुमाने वर्षभर टोमणे ऐकायचे!

मी बसेना, उभा राहीना. चार वेळा ढिगापाशी जाऊन आलो.

"सुमे, ते पुडकं जरा दे. किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय."

"दादा, चुपचाप बस ना रे! आहेर काय पळून चाललाय?"

तेवढ्यात बटूने स्वतःच कागद टराटरा फाडला. गुलाबी शेगडी! गुलाबी कुकर! गुलाबी लाटणं!

चकोट केलेलं ते पोर रडवेलं होऊन म्हणालं, "मामा, ये तो लड़कियों वाला है!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सुमाचा चेहरा पडला. गुरुजींनी घसा खाकरला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुद्दामच आणलंय! ब्रह्मचाऱ्याला स्वतःचं अन्न रांधता यायला नको?"

गुरुजींनी कुकर उचलून उलटासुलटा पाहिला. "लड़कियों वाला कसा रे? या घरात पन्नास वर्षं सोवळ्यातला नैवेद्य कोण रांधतो? मीच ना? पहिला शहाणा आहेर आलाय!"

सुमाने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडणार, तोच गुरुजी म्हणाले, "आणि शिकवायला मामाच येईल. उद्यापासून. सकाळी पाचला, स्नान करून."

मी! मला चहासुद्धा येत नव्हता हो! पहिल्या दिवशी वरण उतू गेलं, दुसऱ्या दिवशी भात लागला. आठवड्याभरात गल्लीतल्या तीन बायकांनी आपापली पोरं माझ्यापुढे आणून बसवली, "भाऊ, यालाही शिकवा."

घरी चित्रा टीव्हीपुढे बसून धडाधड राक्षस पाडतेय. मी म्हणालो, "चित्रे, एक डाव दे ना."

"बाबा, आधी हात धुऊन या. हळदीचे आहेत."

आता कबुली. पुडकी चुकून बदलली, हे मी रचलेलं. ती मीच बदलली होती. मुलीच्या हट्टापायी? छे! दुकानात दोन मिनिटं तो गेम खेळून पाहिला होता आणि मलाच सोडवत नव्हता. म्हटलं, मुंजीचा आहेर काय, पाहुणे गेल्यावर उघडतील. दुकानदाराची चूक म्हणून मोकळं होऊ. आणि मुलीच्या जातीचं मन अशा खेळात कितीसं रमणार? दहा मिनिटांत कंटाळेल, मग मी आहेच!

ती काही कंटाळली नाही. मी तीन महिने वरण ढवळलं.