टॉवेलाखालचा भाव

बुधवार. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही. डाळिंबाच्या हंगामाचा मुहूर्त आज झाला.

गाळा बंद करताना दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवायची माझी जुनी सवय. पण सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक दिली, तेव्हापासून चार ओळी पुरेनात. किस्से साठतच चाललेत, आणि त्यातले निम्मे विलासचे!

विलास माझ्या शेजारच्या गाळ्याचा आडतदार. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि आपली आडत घ्यायची, हाच दोघांचाही धंदा. फरक एवढाच, की हंगामातला डाळिंबाचा पहिला लॉट दरवर्षी माझ्या गाळ्यावर उतरायचा. निमगाव केतकीच्या तात्यांचा. पहिला लॉट ज्याच्याकडे, वर्षभर बाजारात मान त्याचा. तो एक मान सोडला तर विलासकडे माझ्यापेक्षा सगळंच जास्त होतं.

*

मोकळीक जाहीर झाल्यावर आम्ही आडतदारांनी निषेधाची बैठक घेतली. सगळ्यात जोरदार भाषण विलासचं. "ही मोकळीक न्हाय, आपल्या पोटावर पाय हाय!" टाळ्या मीच आधी वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात त्याचा थेट खरेदीचा परवाना आला. बाजारासमोर, रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड उभी राहिली.

आमच्यातले सगळ्यात जुने जगन्नाथराव म्हणाले, "आरं, म्हंजी आर्ज बैठकीच्या आधीच दिलता की तू!"

"व्हय. निषेध मनापासनं केला आबा, आर्ज पोटासाठी."

मला राग त्यानं अर्ज केल्याचा आला नाही. मला तो सुचला नाही, याचा आला.

*

आमच्या बाजारात भाव टॉवेलाखाली ठरायचा. आडतदार आणि व्यापारी एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरून बोटं दाबून आकडा सांगणार, शेतकरी बाजूला उभा राहून दोघांची तोंडं बघणार. कायद्यानं हे कधीच बंद झालंय, पण हाताची सवय जात नाही.

विलासच्या शेडचं उद्घाटन झालं. बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'उघड भाव, रोख व्यवहार'. पाहुणे पुढारी भाषण संपवून अभिनंदनाला हात पुढं करतात, तो विलासनं खांद्यावरचा टॉवेल झटकन त्यांच्या हातावर टाकला! पाहुण्यांनी प्रेमानं हात दाबला. विलासनं मान हलवली आणि म्हणाला, "न्हाय परवडत!"

तो किस्सा मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितला.

*

शेडात शेतकऱ्यांसाठी पंखा, गार पाणी आणि हाताच्या खुर्च्या. आमच्याकडे शेतकरी पालथ्या क्रेटवर बसतो. आमचा हमाल नामदेव पाहून आला आणि मलाच सांगू लागला, "आण्णा, तितं शेतकऱ्याला सायेब म्हंत्यात!"

रात्रभर माझ्या डोळ्यांपुढं खुर्च्याच. दुसऱ्या दिवशी मी बारामतीहून सहा आणल्या, त्याच्यापेक्षा चांगल्या. गाळ्यापुढं मांडल्या. दुपारपर्यंत एकही जण बसला नाही. सगळे क्रेटवर. शेवटी लासुर्ण्याच्या एकानं भीत भीत विचारलं, "आण्णा, पावनं कवा येणार हायेत?"

*

जिल्ह्यातून एक साहेब आले. नव्या धोरणावर तासभर बोलले. "समोर दुसरं दुकान आलं, की पहिलं दुकान सुधारतं. स्पर्धेला घाबरू नका."

जगन्नाथरावांनी हात वर केला. "सायेब, तुमच्या हापिसासमोर दुसरं हापिस काढलं तर चालंल का?"

साहेबांनी चहा मागवला.

*

विलासनं शेडबाहेर भावाचा टीव्ही लावला. शेतकरी तिथला भाव वाचून यायचे आणि माझ्याशी वाद घालायचे. मी जळफळत होतो. याला रोज सकाळी भाव समजतो तरी कुठून?

मग बाजाराला सुट्टी लागली. त्या दिवशी विलासचा टीव्ही काळा. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "आण्णा, आज बाजार चालू असता, तर काय भाव निघाला असता रं?"

*

आता आजचं.

मी सकाळीच नारळ, हार आणि तात्यांच्या मानाचा नवा टॉवेल घेऊन गेटवर उभा. समोर शेडच्या दारात विलासही हार घेऊन उभा! दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि तोंडं फिरवली.

तात्यांची पिकअप आली. ना डावीकडं वळली, ना उजवीकडं. दोघांच्या मध्ये, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली थांबली. तात्या उतरले, गाडीचा मागचा फाळका पाडला आणि दोघांनाही हात केला.

"तात्या, गाडी आत घ्या की," मी म्हणालो.

"तात्या, शेडात पंखा हाय," विलास म्हणाला.

"हितं सावली हाय," तात्या म्हणाले. "आण्णा, मानाचा टावेल आणलाय न्हवं? आण हिकडं."

मी पुढं होऊन खांद्यावर घालायला गेलो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, झटकून उघडला आणि आपल्या दोन्ही हातांवर पसरला.

"इतकी वर्सं माल माझा आन् टावेलाखाली हात तुमचं. आता मोकळीक हाय म्हंत्यात. घाला हात."

विलासनं माझ्याकडं पाहिलं. मी विलासकडं.

"एकमेकाकडं काय बघताय? भाव तितं न्हाय."

तात्यांच्या उजव्या हातात माझा हात, डाव्यात विलासचा. भोवती शेतकरी जमले. नामदेवही क्रेट सोडून आला. मी बोटं दाबली. तात्यांचं तोंड हललं नाही. टॉवेलाची दुसरी बाजू हलली. मी पुन्हा दाबली. पलीकडं पुन्हा हललं. विलासच्या कपाळाला घाम आला होता. ते बघून मी आणखी दाबली. असा भाव मी आयुष्यात कुठल्या व्यापाऱ्याकडूनही काढला नव्हता.

"बास," तात्या म्हणाले आणि दोन्ही हात सोडले.

लॉट विलासच्या शेडात उतरला. मी आणलेला नारळ तिथंच फुटला. कुणी किती दाबलं, ते तात्यांनी दोघांनाही सांगितलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकून ते निमगावला गेले.