वरच्या कप्प्यातल्या प्लेटा

माझं काम थोडक्यात सांगायचं तर मुद्दाम चुका करवून घेण्याचं होतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर एक प्रथिन इंजेक्शनातून देतात. ते जास्त जोमानं काम करू लागलं तर थोडक्या डोसात भागेल आणि मुलांना त्रास कमी होईल, एवढा साधा हेतू. त्यासाठी त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती चुका पेरत काढायच्या, त्या जिवाणूंमध्ये घालायच्या, जिवाणू प्लेटांत वाढवायचे आणि ज्या ठिपक्याभोवती सगळ्यात गडद गुलाबी कडं उमटेल, म्हणजे ज्याचं प्रथिन सगळ्यात जोमदार, तो उचलायचा. मग त्याच्यात पुन्हा चुका पेरायच्या, पुन्हा निवडायचं. चार-पाच फेऱ्यांत मूळ प्रथिनापेक्षा सरस काहीतरी हाती लागतं. निदान छापील शोधनिबंधांत तरी लागतं.

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचा इनक्युबेटर एकच होता आणि त्याच्यापुढे सगळ्या विभागाची रांग. एप्रिल लागला तशा माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "जळगावच्या उन्हाळ्यात इनक्युबेटर लागतो कशाला? ही खोलीच काय कमी आहे?" सगळे हसले. खोलीत थर्मामीटर लावला तर पारा नेमका हवा तिथे. मग मी प्लेटा लोखंडी मांडणीच्या तीन कप्प्यांत रचायला लागले.

माझी नजर तेज आहे असा माझा तोरा होता. प्लेट उजेडाकडे धरली की कोणतं कडं किती गडद ते मी चटकन सांगायची. दुसऱ्या फेरीत माझ्या ध्यानात आलं की निवडलेले ठिपके बहुतेक वरच्या कप्प्यातले आहेत. वर स्लॅब होता, दिवसभर तापलेला. तिथे जिवाणूही जोरात वाढणार आणि रंगही लवकर चढणार, हे कळायला पीएचडी लागत नाही. मी तेव्हा थांबायला हवं होतं. पण कडी फार सुंदर उठली होती. वहीत मी प्लेटेचा क्रमांक लिहायची, कप्पा लिहीत नव्हते. दुसऱ्या फेरीनंतर तो मुद्दामच लिहिला नाही.

चार फेऱ्या झाल्या. दिवाळीनंतर विजयी प्रथिन शुद्ध करून इनक्युबेटरमधल्या ठरावीक तापमानाला मूळ प्रथिनाशेजारी तपासलं. दोघांत काडीचाही फरक नव्हता. मी तीनदा करून पाहिलं. मार्चमध्ये माझी पीएचडीची मुदत संपत होती. दाखवायला काही नसेल तर सहा वर्षं पाण्यात जाणार होती आणि वाढीव मुदत मागायची तर कारण द्यावं लागणार होतं.

दोन दिवस धरणगावला घरी गेले. आबा, म्हणजे माझे वडील, भरताच्या वांग्यांच्या वाफ्यात बियाण्याची वांगी हेरत होते. मनासारखं वांगं दिसलं की देठाला चिंधी बांधायची आणि ते झाडावरच पिकू द्यायचं, ही त्यांची पद्धत. पाटाच्या कडेला एक टपोरं, हिरवंगार वांगं होतं. मी म्हटलं, "हे धरा ना."

"पाटना जोडेनं झाड बीले धरानं नही," आबा म्हणाले. "ते पानीनं फुगेल ऱ्हास."

पाण्यानं फुगलेलं बियाण्याला धरायचं नाही. फ्रॉक घालत होते तेव्हापासून मी हे ऐकत आले होते. आबांना मी प्रयोगशाळेतलं काहीच सांगितलं नाही. ते काही बोलले नसते, पण मला त्यांच्याकडे बघवलं नसतं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. वरचा कप्पा गरम होता, आपण चार फेऱ्या उष्णताच निवडत बसलो, असं सांगितलं. त्यांनी आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग विचारलं, "हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

"आत्ता, निकाल बघितल्यावर," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित मी खरं सांगून टाकलं असतं. उलट त्यांनी संगणक पुढे ओढला आणि माझ्यासमोरच विद्यापीठाला पत्र लिहिलं: उन्हाळ्यात प्लेटा खोलीत ठेवण्याची सूचना माझी होती, विद्यार्थिनीनं ती प्रामाणिकपणे पाळली, झाल्या चुकीची जबाबदारी माझी आहे, तरी तिला एक वर्ष वाढवून मिळावं. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि त्यांच्या हातून गेलेलं असं पत्र विभागात कुणी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कागद छापून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "नीट वाच. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग."

मी दोनदा वाचलं. तारखेत एक आकडा चुकला होता, तो दाखवला. त्यांनी तो दुरुस्त केला आणि सही केली.